होडीचं गणित

"...आणि तेवढंच अंतर प्रवाहाबरोबर उतरून होडी मूळ जागी परत येते. तर एकूण किती तास लागतील?"

विश्वजितनं वाचून संपवलं आणि त्याच श्वासात म्हणाला, "पाच."

काळसेकर सर खिडकीशी बसून ऐकत होते.

"स्थिर पाण्यात वेग ताशी दहा, प्रवाहाचा दोन, अंतर चोवीस किलोमीटर. जाताना तीन तास, येताना दोन. दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत, सर."

"परत वाच."

आंबोलीत त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. अकरा वाजून गेले तरी खिडकीबाहेरचं फणसाचं झाड दिसत नव्हतं. सरांना त्याचा काही फरक पडत नव्हता. त्यांची दृष्टी जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

शिकवणं मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. बिझनेस स्कूलच्या प्रवेशपरीक्षेला बसणारी मुलं पुण्याहून, बेळगावाहून त्यांच्याकडे यायची आणि चार-आठ दिवस राहायची. मुलानं प्रश्न वाचायचा, सरांनी ऐकायचा, एवढीच शिकवणी. प्रश्न एका जाड वहीत होते. सरांनी सांगितलेले, त्यांच्या पत्नीनं लिहून घेतलेले. त्या माउलीला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

विश्वजित शिंत्रे कोल्हापूरचा. सराव पेपरात तो नव्याण्णव पर्सेंटाइलच्या खाली कधी उतरला नव्हता. खऱ्या परीक्षेत मात्र दोनदा आपटला होता. दोन्ही वेळा निम्मा पेपर झाल्यावर त्याचा हात थांबला होता आणि पुढचं काही दिसेनासं झालं होतं. त्याच्या मते चूक वेळेच्या नियोजनात होती. तिसरी परीक्षा नऊ दिवसांवर आली होती.

त्यानं वही पुन्हा पुढे ओढली आणि भरभर वाचायला लागला. दुसऱ्या ओळीपाशी अडखळला.

"होडीत तीन जण बसतात."

ही ओळ मघाशी नजरेतून निसटली असावी. तो थोडा वरमला आणि मग चिडला.

"हे उगाच घातलंय, सर. माणसं किती, याचा वेळेशी काही संबंध नाही."

"उत्तर?"

"पाचच."

"परत वाच. हळू."

त्यानं एकेका शब्दाखाली बोट ठेवलं. बाईंचं अक्षर टपोरं होतं, शाई फिकी पडलेली. चोवीस किलोमीटर झाले, प्रवाह झाला. मग बोट थांबलं.

"वाच ना."

"परतताना होडीत दोघं असतात."

खोलीत घड्याळ नव्हतं. तरी विश्वजितला वाटलं, काहीतरी टिकटिकायचं थांबलं.

त्यानं ओळी मोजल्या. मघाशी चार होत्या, हे त्याला पक्कं आठवत होतं. आता सहा होत्या. कुठे दाटीवाटी नव्हती की मागाहून घुसडल्याची खूण नव्हती. तीच शाई, तेच वळण, सगळं सारखंच जुनं. त्यानं पान उलटून पाहिलं. पलीकडे नळ आणि टाक्यांची नेहमीची गणितं होती.

"ही ओळ मघाशी नव्हती, सर."

"तू वाचली नव्हतीस."

"नव्हतीच."

सरांनी मान थोडी तिरकी केली, दूरचं काही ऐकावं तशी.

"उत्तर बदललं का?"

"...नाही."

"नाहीच बदलायचं."

विश्वजितनं वर पाहिलं. "हा प्रश्न तुम्ही कधी सांगितला होता?"

"ही बसायची तिथे, तू बसलायस तिथेच. मी होडी सांगितली होती. वेग सांगितले, अंतर सांगितलं." सर थांबले. "माणसं मी गणितात घालत नाही."

धुकं आता खिडकीच्या गजांपर्यंत आलं होतं.

"परत वाच."

"नको, सर."

"वाच."

त्यानं वाचलं. स्वतःचाच आवाज त्याला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. होडीत तीन जण बसतात. परतताना होडीत दोघं असतात. आणि त्याखाली सातवी ओळ...

"तिसरा वाळूवर उभा आहे."

विश्वजितनं वही मिटली. दोन्ही हात तिच्यावर दाबून धरले, जणू ती आपोआप उघडली असती.



"कोण आहे तो?" सरांनी विचारलं.

"नागेश."

मग त्यानं सांगितलं. तीन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते, खाली बघत, तुटक तुटक.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. तो आणि पराग सुट्टीत नागेशच्या गावी गेले होते, मालवणच्या बाजूला, खाडीकाठी. नागेशची आई बाजाराला गेली होती. तिघं होडी काढून खाडीत वरच्या अंगाला गेले. मधे वाळूचा पट्टा उघडा पडला होता. नागेश तिथे उतरला. आईला आवडतात म्हणून तिसऱ्या, खाडीतले खायचे शिंपले, काढायच्या होत्या त्याला, वाळू उकरून.

विश्वजितचा चार वाजता ऑनलाइन सराव पेपर होता. त्यानं घाई केली. नागेश म्हणाला, "तुम्ही जावा पुढे. पेपर सुरू करून दे आणि परागला पाठव मला न्यायला."

"मी हो म्हटलं. घरी पोचलो तर चारला चार मिनिटं होती. मी लॅपटॉप उघडला. परागला सांगायचं राहिलं. त्याला वाटलं, पेपर झाला की दोघं मिळून जाऊ. तो झोपला."

"पेपर किती वेळाचा?"

"दोन तासांचा."

पुढचं विश्वजितच म्हणाला, "निम्मा पेपर झाला तेव्हा मला आठवलं होतं. मला वाटलं, एवढा भाग संपवतो आणि उठतो. आम्ही गेलो तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं. भरती आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला."

"आईला काय सांगितलंत?"

"येताना तोल जाऊन पडला. आम्ही उड्या मारल्या, खूप शोधलं." त्यानं वहीवरचे हात काढून घेतले. "त्या पेपरात मला सगळ्यात जास्त मार्क मिळाले होते, सर. तेवढे मला परत कधी मिळाले नाहीत."

सर उठले. भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले आणि त्यांनी दार उघडलं. धुकं पायरीपाशी थांबल्यासारखं उभं होतं.

"परीक्षा नऊ दिवसांवर आलीय, सर."

"मग साडेबाराची गाडी मिळेल तुला."

घाट उतरल्यावर धुकं संपलं आणि लख्ख ऊन लागलं. विश्वजितला ते नको होतं. दोन गाड्या बदलून तो नागेशच्या गावी उतरला तेव्हा चार वाजत आले होते. घड्याळ बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, तरी बघितलं.

नागेशची आई खळ्यात बसून सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं त्याला लगेच ओळखलं. उठली नाही.

त्यानं वाटेत वाक्यं जुळवली होती. ती सगळी विसरून तो उभ्याउभ्या बोलत सुटला. वाळूचा पट्टा, तिसऱ्या, चार वाजता, परागला सांगायचं राहिलं ते. मधे आठवलं होतं, तेही. सूप हलत होतं. कोंडा उडून त्याच्या बुटांवर पडत होता.

त्याचं बोलणं संपलं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"बस रे झिला," ती म्हणाली. "माका ठावक आसा."

"पराग बोलला का?"

"पराग खंय येता हय. नागेश सांगता."

विश्वजित बसला. 

"होडी काठाक लागासर तो हात हालयत होतो," ती म्हणाली, काल-परवाचं सांगावं तशी. "तू वळान बघूक नाय म्हणता."

आपण घड्याळाकडे बघत होतो, हे विश्वजितला आठवलं. संपूर्ण वाटभर मनगट वर धरून.

"मगे पाणी गुडघ्याक इला तेव्हा तो गप रवलो. म्हणालो, येतीत. पेपर सुटलो की येतीत." तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. "तुझो तो पेपर बरो गेलो मां? रोज इचारता माका."

पेपरचं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायला कुणी नव्हतंच. विश्वजितनं आतासुद्धा तो शब्द उच्चारला नव्हता. काम होतं, एवढंच म्हणाला होता.

"बरा गेला," तो म्हणाला. "त्याला सांगा, बरा गेला."

तिनं मान हलवली. माजघराच्या दाराकडे वळून, आवाज न चढवता, ती म्हणाली, "बरो गेलो म्हणता रे."

आत काही वाजलं नाही. काही हललंही नाही.

मग ती बोलायला लागली. नागेश कुठल्या वेळी येतो, काय घालून येतो, वाळू कशी झाडतो, थंडीत येतो तेव्हा काय मागतो. विश्वजित ऐकत राहिला.  उन्हं माडांच्या मागे गेली, गाडी चुकली, शेजारणीच्या घरी पथारी मिळाली, तरी तिचं सांगणं पुरं झालं नव्हतं. सकाळी निघताना तिनं त्याला पेज वाढली आणि राहिलेलं सांगितलं.

दुपारी तो आंबोलीला पोचला. धुकं तसंच होतं. सर खिडकीशी बसले होते आणि वही टेबलावर होती. विश्वजितनं ती उघडली नाही.

"सर, तिला सगळं ठाऊक होतं."

सर ऐकत होते.

"पेपरचंसुद्धा. त्यानं किती वेळ हात हलवला, तेसुद्धा. माझ्याकडे तिला सांगण्यासारखं नवं काही नव्हतं. एक शब्द नव्हता." तो खाली बसला. "मग मी गेलो कशाला?"

 सरांनी आपले दृष्टी नसलेले डोळे त्याच्या दिशेनं वळवले.

"तू जाईपर्यंत ती कुणाला सांगणार होती?"