चिमणाजीचं अकरावं वर्ष

चिमणाजी अकरा वर्षांचाच आहे, हे सलग तिसऱ्या वर्षी सिद्ध झालं आणि करवंदी गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

मानगडच्या राज्यात दरवर्षी मुलांचे चेंडूफळीचे सामने होत. नियम साधा होता. फळी हातात घेणारं मूल बारा वर्षांच्या आतलं हवं. जे गाव जिंकेल, त्याला वर्षभर पाटाच्या पाण्याची पहिली पाळी. गेली दोन वर्षं ही पाळी राजाचे मेहुणे रंगराव यांच्या जहागिरीला मिळाली होती, कारण त्यांच्या संघात चिमणाजी होता. त्यानं टोला हाणला की चेंडू तटाबाहेर जाई. त्याच्या गालावर सकाळी वस्तरा फिरे आणि दुपारपर्यंत पुन्हा खुंट दिसू लागत. संघातली बाकीची आठ बाळंही त्याच्याच मापाची. रंगरावांच्या जहागिरीची हवाच अशी असावी की मुलं अकराव्या वर्षाला पोचली की तिथेच मुक्काम ठोकतात.

वयाची पडताळणी करायला एक समिती होती. तिचे अध्यक्ष अर्थातच रंगराव. कारभार मात्र एकदम चोख! करवंदीची सगुणा खरोखरीची दहा वर्षांची, गावातली सगळ्यांत तेज खेळाडू. तिला समितीनं उभ्याउभ्या बाद केलं. का, तर तिच्या दाखल्याची घडी उभी होती आणि नियमात आडवी लिहिली होती. चिमणाजीच्या दाखल्याची घडी आडवी, खाली राजमुद्रा ठसठशीत. तीन वर्षं तोच कागद चालला होता.

सगुणाची आई भिवरा राजवाड्याच्या मुदपाकखान्यात स्वयंपाकीण होती. लेक रडत आली तेव्हा तिचा जीव तुटला. पण त्याहून मोठा घोर शिवाराचा होता. करवंदी पाटाच्या अगदी शेपटाला, दोन वर्षं पाणी पोचेपर्यंत पिकं करपली होती. भिवरा हात पुसत तडक दरबारात गेली.

"महाराज, तो चिमणाजी लेकरू नाही जी. चांगला बाप्या हाय."

राजा धवलसेन हट्टाला पेटला की कुणाचं ऐकत नसे. "दाखल्यावर माझी मुद्रा आहे. मुद्रा खोटी, म्हणजे मी खोटा. असं म्हणायचंय तुला?"

"माझी काय बिशाद, महाराज?"

"मग ऐक. परवा शेवटचा सामना, तुमच्या गावाचा आणि जहागिरीचा. त्याआधी चिमणाजीनं चारचौघांत, आपल्या तोंडानं, आपणहून वय सांगितलं तर मानीन. त्याला विचारायचं नाही, हात लावायचा नाही, साक्षीदार आणायचा नाही. आणि माझी मुद्राही खोटी ठरता कामा नये. नाही जमलं, तर करवंदीचं पाणी वर्षभर बंद."

दरबार हसला. रंगराव सगळ्यांत मोठ्यानं हसले.

भिवरानं पदर खोचला. "कबूल जी. एकच हुकूम द्या. दाखला खरा, म्हणजे ती नऊही लेकरं. तवा त्यांना लेकरासारखंच वागवायचं."

"वागवायचंच! मुलंच आहेत ती," रंगराव घाईनं म्हणाले. राजानं हुकूम दिला.

सामन्यांसाठी आलेले संघ राजवाड्यातच जेवत, आणि मुदपाकखान्याची रीत जुनी होती. बारा वर्षांच्या आतल्यांची पंगत वेगळी, तिथे तिखट वर्ज्य, पानात फक्त दूधभात. दोन्ही वेळा पंगतीआधी मुलांची दृष्ट काढायची आणि गालाला काजळाची तीट लावायची. भिवरानं मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि काजळाची डबी रंगरावांपुढे धरली.

"तीट तुम्ही लावा सरकार. मला त्यांना हात लावायची मनाई हाय."

रंगरावांनी नऊ राकट गालांवर नऊ ठिपके काढले. करवंदीच्या पोरांनी साखर मागून मागून दूधभात हाणला. चिमणाजी सात वाट्या रिचवून उपाशीच उठला. संध्याकाळी दूधभात. दुसऱ्या दिवशी सकाळसंध्याकाळ दूधभात.

सामन्याच्या दिवशी सकाळी राजा सगळ्यांसोबत जेवायला बसला. मुलांच्या पंगतीसमोर माहूत आणि पहारेकरी बसले होते. भिवरा त्यांना मटणाचा लालभडक रस्सा आणि गरम भाकरी वाढत होती. ती सावकाश वाढत होती, आणि वारा मुलांच्या पंगतीकडे वाहत होता.

चिमणाजीनं आपल्या वाटीकडे पाहिलं. समोरच्या माहुतानं नळी तोंडाला लावून सुर्रकन ओढली. झालं! गालावरच्या तिटेसकट चिमणाजी ताडकन उभा राहिला.

"बास झालं! तेवीस वर्षांचा गडी हाय मी. घरी माझीच दोन पोरं दूधभात खात्यात. मला तिकडं बसू द्या!"

तो त्या पंगतीत बसतो न बसतो, तोच बाकीची आठ बाळंही त्याच्यामागे धावली. "मी एकवीसचा!" "मी पंचवीसचा, मला आधी वाढा!"

रंगरावांचा चेहरा पांढराफटक पडला. राजा मात्र लालबुंद झाला होता. "भिवरा! हा तेवीस वर्षांचा, म्हणजे माझी मुद्रा खोटी?"

भिवरानं रश्श्याची बादली खाली ठेवली.

"मुद्रा कशी खोटी ठरंल, महाराज? दाखल्यात काय लिवलंय, चिमणाजी अकरा वर्षांचा. अकरा वर्षांचा तो होताच की! कवा होता, तेवढं समितीनं लिवलं नाही. सगळा जीव घडीत गुंतला होता त्यांचा."

राजानं दाखला मागवला. तिथीची जागा कोरी होती. त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला, आणि पोट धरून हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"करवंदीला पहिली पाळी!" तो डोळे पुसत म्हणाला. "फळी सगुणाच्या हातात द्या. आणि पुढच्या वर्षीपासून वयाची पडताळणी भिवरा करील, मुदपाकखान्यातच."

"जी," भिवरा म्हणाली आणि पुन्हा बादली उचलली. "आणि अध्यक्षांना कोणत्या पंगतीत वाढू?"

राजानं रंगरावांकडे पाहिलं, मग काजळाच्या डबीकडे.

"मुलांच्या," तो म्हणाला. "आधी तीट लाव."