केरबाने केलेली दुरुस्ती

एका गावात एक भोळा जीव होता, केरबा नावाचा. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखंच करायचा. एवढीच काय ती त्याची खोड.

गावात प्रभाताईंचं वधू-वर सूचक मंडळ होतं. मुला-मुलींची माहिती त्या वेबसाइटवर टाकायच्या. कॉम्प्युटरवर त्यांनी केरबाला बसवलं.

एक बाई आल्या. म्हणाल्या, "आमच्या मुलीची उंची वाढवून लिहा."

ताई म्हणाल्या, "केरबा, बदल कर, पण जुनं पुसू नकोस. आधी काय होतं, आता काय आहे, कोणी बदललं, का बदललं, सगळं राहिलं पाहिजे."

केरबाने लिहिलं. दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाने वाचलं. 'उंची आधी पाच फूट, आता पाच फूट तीन इंच. बदलणारी: मुलीची आई. कारण: उंच टाचांच्या चपला.'

मुलाकडच्यांचा फोन आला. "बोहल्यावर चपला काढाव्या लागतात म्हणावं!"

ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, तो इतिहास आपल्यापुरता! बाहेरच्यांना फक्त आत्ताचं सांगायचं. आधीचं चकार शब्दाने बोलायचं नाही."

"बरं," केरबा म्हणाला.

लगेच एका मुलीच्या वडिलांचा फोन. "मुलगा आधी कुठे होता हो?"

"ते सांगायला बंदी आहे."

"का? तुरुंगात होता की काय?"

"ताईंनी चकार शब्द काढू नको म्हटलंय."

जमत आलेलं लग्न मोडलं. मुलगा बिचारा नाशकात शिकायला होता.

केरबाला फार वाईट वाटलं. दुपारी तो जेवलासुद्धा नाही. ताईंनाच शेवटी त्याची दया आली.

"रडू नकोस. इतिहास ठेवायचा कशाला? चूक सुधारायला. 'चुकलं' असं कोणी म्हणालं, की चुकायच्या आधी होतं तसं परत करायचं. आणि संबंधितांना कळवायचं."

केरबाने डोळे पुसले. हे मात्र सोपं होतं.

शनिवारी ताईंचं आणि त्यांच्या यजमानांचं, आप्पांचं, वाजलं. आप्पांनी बाजारातून गवार आणायची तर पुन्हा दोडकीच आणली होती. ताई तणतणत ऑफिसात आल्या.

"ह्या माणसाशी लग्न केलं, तिथंच चुकलं माझं!"

केरबाने मान डोलावली. साइटवर ताईंनी स्वतःचीच नोंद नमुना म्हणून भरली होती. आधी लग्नापूर्वीची माहिती, मग लग्नानंतरची. केरबा इतिहासात मागे गेला. ताई अविवाहित झाल्या. वय बावीस. फोटोत दोन वेण्या. मग त्याने मंडळातल्या सगळ्या उपवर मुलांना कळवलं.

रविवारी सकाळी आप्पांनी दार उघडलं. अंगणात तीन जीपगाड्या. फेटे, नारळ, आत्याबाई, मामा.

पुढचे गृहस्थ हात जोडून म्हणाले, "मुलगी बघायला आलो. आपण मुलीचे वडील ना?"

आप्पांनी चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून केरबा पोह्यांच्या बश्या घेऊन लगबगीने आला.

"वडील नव्हेत हो," तो म्हणाला. "हे चुकून झालेले नवरे. तुम्ही बसा निवांत, मी कालच दुरुस्ती केलीय."