महाराजांच्या लंगडीला टिकणारी फरशी

महाराजांचा उजवा पाय वर होता, डावा फरशीवर होता, आणि फरशी फुटली!

राणीसाहेबांबरोबर बागेत लंगडी खेळायची राजा वीरभानला भारी हौस. देह चांगला भरघोस, त्यावर कंठा, कमरपट्टा, तोडे, आणि या सगळ्या ऐवजासकट एका पायावर उड्या! बागेतल्या चौकाची फरशी बिचारी सोसणार तरी किती? ती कडाडली, महाराज शेवंतीच्या वाफ्यात तोंडघशी पडले आणि राणीसाहेब पोट धरधरून हसल्या. फरशी फुटल्याचं महाराजांना एवढं काही वाटलं नसतं. ते हसू मात्र झोंबलं.

लगोलग डोमा पाथरवटाला बोलावणं गेलं. त्याच्या मागोमाग त्याची लेक बयनाही निघाली. मोठ्या माणसांपुढे बाप घाबरतो आणि नको त्याला हो म्हणून बसतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"शंभर वर्षं टिकेल अशी फरशी हवी!" महाराज गरजले. नाकाच्या शेंड्याला अजून माती होती.

"होय जी," डोमा म्हणाला.

"आणि ती टिकेल याचा पुरावा उद्याच दरबारात हवा! नाहीतर फरशीच्या जागी तुलाच पालथा घालीन आणि तुझ्या पाठीवर लंगडी खेळेन!"

"होय जी," डोमा म्हणाला. बयनानं कपाळावर हात मारून घेतला.

घरी येऊन बापलेक कामाला लागले. अंगणात तांबड्या वाळूच्या दगडाच्या लाद्या रचलेल्या होत्या. पाणी ओतल्यावर घटाघटा पिणारी लादी बयनानं बाजूला सारली. पापुद्रे सुटलेली सारली. ठोकल्यावर बद्द वाजणारीही सारली. शेवटी पितळी घागरीसारखी खणखणीत वाजणारी एक सापडली. तेवढ्यात प्रधान नारोपंत भलामोठा हातोडा घेऊन पाहणीला आले.

"मजबूत आहे ना? बघू!" म्हणत त्यांनी पूर्ण ताकदीनं घाव घातला. लादीचे दोन तुकडे झाले. "बघा, फुटली!" पंत खूश झाले.

डोमानं दुसरी तशीच लादी शोधून पुढे केली आणि बयना तिच्यावर फतकल मारून बसली. "हिले हात लावू देनार नाही!"

"मग हिची परीक्षाच झाली नाही!" पंत म्हणाले. "बिनपरीक्षेचा माल दरबारात चालत नाही. आणि ऐक, पुरावा म्हणजे डोळ्यांनी बघणारा साक्षीदार लागतो. शंभर वर्षं बघणारा! आण कुठून आणतेस ते." आणि हातोडा खांद्यावर टाकून ते चालते झाले.

डोमानं आशाच सोडली. तो अंगणात पालथा पडून सराव करू लागला. तेवढ्यात घरची बकरी आली आणि त्याच्या पाठीवर चढून रवंथ करू लागली.

"महाराज हिच्याएवढे असते तर निभलं असतं वं," डोमा मातीत तोंड खुपसून म्हणाला. बयनाला हसू आलं आणि मग रडूच कोसळलं. बापाची पाठ आधीच दगड उचलून उचलून वाकलेली होती.

दुसऱ्या दिवशी ती बापाबरोबर दरबारात उभी राहिली. लादी पुढ्यात होती, पण डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. इतक्यात महाराज आले. सगळा दरबार उठून ओरडला, "महाराज शतायुषी होवोत! शंभर वर्षं राज्य करोत!" सगळ्यांत मोठा आवाज नारोपंतांचा. बयनाचे डोळे लकाकले.

"साक्षीदार कुठे आहे?" पंतांनी विचारलं.

"हाये ना जी! इथंच बसला हाये."

"कोण?"

"खुद्द महाराज! फरशी आज बसवा. महाराजांनी रोज तिच्यावर लंगडी खेळावी. शंभर वर्षांच्या आत फुटली, तर त्याच दिवशी माह्या बापाले पालथं घाला."

पंत खो खो हसले. "वेडी पोर! शंभर वर्षांनी महाराज कुठे असणार?"

महाराजांनी सावकाश मान वळवली.

"अगं बाई!" बयना म्हणाली. "मंग आत्ता सगळ्याइच्या वरताण वरडले, ते खोटं व्हतं का जी?"

"बोला पंत!" महाराज म्हणाले. "आम्ही शंभर वर्षं जगणार की नाही?"

"जगणार! जगणारच, महाराज!" पंतांना दरदरून घाम फुटला.

"म्हणजे साक्षीदार मिळाला." महाराजांनी मिशीवर ताव दिला. मग एकदम डोळे बारीक केले. "पण पोरी, पुरावा आजच द्यायचा ठरला होता. तू तर शंभर वर्षांची सवड मागून घेतलीस. आजचं काय?"

डोमाचे गुडघे आपोआप टेकले. तो पालथा व्हायच्या बेतात होता. बयनानं त्याचं बखोट धरून त्याला उभं केलं.

"देतो ना जी, आजच देतो," बयना म्हणाली. "महाराज शंभर वर्षं जगनार याचा पुरावा पंतांपाशी असनच ना? तो त्याइनं आत्ता दाखवावा. तोच माह्या फरशीले लावा! आन् त्याइच्यापाशी नसन, तर माह्या बापाच्या बाजूले त्याइलेबी पालथं घाला. चौक मोठा हाये महाराज, येक पाठ पुरनार नाही!"

पंतांनी आपली पाठ दोन्ही हातांनी झाकून घेतली. ते बघून आधी चिकाच्या पडद्याआड राणीसाहेब हसल्या, आणि मग महाराज! इतके हसले, इतके हसले की कमरपट्ट्याची कडी तुटून थेट पंतांच्या मांडीवर जाऊन पडली.

बागेच्या सगळ्या चौकाचं काम डोमाला मिळालं. बयनाला महाराजांनी हातातला तोडा काढून दिला. तिनं आणखी पंतांचा हातोडा मागितला, तोही मिळाला!

दुपारीच पहिली फरशी बसली. महाराज एका पायावर तिच्यावर चढले, त्यांनी धपाधप उड्या मारल्या, आणि फरशी जागची हलली नाही.

"पंत!" महाराज धापा टाकत ओरडले. "शंभर वर्षांतला हा पहिला दिवस! या, आता तुमचा डाव!"