गेनबाचा रिकामा डबा

फार वर्षांपूर्वी, आपल्या बोरटेंभ्याच्या पेठेत वीजही आली नव्हती तेव्हा, गावात फोटो काढायचा तो फक्त मेलेल्या माणसाचा. हसू नका. जित्या माणसाचा फोटो काढला की त्याचं आयुष्य ओढलं जातं, हे तुमच्या पणज्यालाही ठाऊक होतं. माणूस गेला की त्याला खुर्चीत बसवायचं, कपाळाला अबीर लावायचा आणि तालुक्याहून फोटोवाला बोलवायचा. म्हणून घरोघरी भिंतीवर सगळे डोळे मिटलेले.

त्या पेठेत चिंचेखालच्या ओट्यावर गेनबा कल्हईवाला बसायचा. एकदा एक फिरता फोटोवाला धर्मशाळेत तापाने फणफणला. गेनबाने त्याचं सगळं केलं, आणि मरताना तो आपला कॅमेरा नि फिल्मची रिळं गेनबाला देऊन गेला. तेव्हापासून भट्टी निवली की गेनबा कॅमेरा छातीशी धरायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर टक करायचा. लोक बिचकले, तर म्हणाला, "अहो, डबा रिकामा आहे, आत फिल्मच नाही. मला आवाज आवडतो, एवढंच."

लोकांना ते पटलं. कल्हईवाल्याला फोटोतलं काय कळतंय? मग बायकाही पाण्याला जाता जाता म्हणायच्या, "गेनबा, काढा हो आमचा." राहीबाईची चंपी तर टक झाल्याशिवाय शाळेची वाट धरायची नाही.

एका वर्षी नदीला पूर आला आणि चंपी त्यात गेली. देह हाती लागला नाही, म्हणून खुर्ची नाही, म्हणून फोटो नाही. राहीबाई रडून रडून थकली, आणि मग तिच्यावर त्याहून वाईट वेळ आली. ती पोरीचा चेहरा विसरायला लागली. आधी हनुवटी आठवेना, मग डोळे. दारोदार जाऊन विचारायची, "माझी चंपी कशी दिसायची, सांगा ना." कोण काय सांगणार? शेवटी ती ओट्यापाशी आली.

"भावजी, खरं सांगा. तुमच्या डब्यात माझी पोर आहे का?"

गेनबाच्या तोंडचं पाणी पळालं. हो म्हणावं, तर पोरीचं आयुष्य यानेच ओढलं म्हणून गाव त्याला जित्ता सोडणार नाही. आणि त्याच्या स्वतःच्या मनातही तीच पाल चुकचुकत होती. तो खाली बघून म्हणाला, "डबा रिकामा आहे, वहिनी."

असं म्हणतात, त्यानंतर त्याच्या हातची कल्हई कधी चकाकली नाही. वर्ष सरायच्या आत तो गेला. त्याचा फोटो काढायला कुणी कुणाला बोलावलं नाही.

राहीबाईचे केस पांढरे झाले, तेव्हा कधीतरी तो ओटा दुरुस्तीला काढला. भट्टीखाली पत्र्याचा डबा निघाला. बाहेरून सांधा दिसेना. कापला तेव्हा कळलं, सांधा जोडणारा कथलाचा डाग आतून दिलेला होता. आतून डाग कोण देतो, ते मला विचारू नका.

डब्यातली फिल्मची रिळं तालुक्याहून धुवून आणली. चावडीत फोटो मांडले आणि गाव त्यांच्यावर ओणवं झालं. कुणाचा आजा, कुणाची सासू, चालताहेत, भांडताहेत, शेंगा खाताहेत, आणि सगळ्यांचे डोळे उघडे. चंपीचेही फोटो होते. पण ती पोर एका जागी उभी राहील तर ना. प्रत्येक फोटोत चेहऱ्याच्या जागी नुसता धुरळा. राहीबाई एकेक फोटो बाजूला सारत गेली.

तळाशी एकच फोटो उरला होता. ओट्यावरून काढलेला, गेनबाच्याच अंत्ययात्रेचा. तिरडीवर तो, मागे गाव. कडेला राहीबाई उभी, आणि तिच्या डाव्या अंगाला पदर धरून चंपी. केस निथळताहेत. अगदी स्थिर. चेहरा लख्ख.

राहीबाईने फोटो डोळ्यांजवळ धरला. "हनुवटी माझ्यावर गेली होती बघा," म्हणाली. मग हळूच म्हणाली, "एवढी वर्षं चालताना पदराला ओढ लागायची. मला वाटायचं, वारा आहे."

त्यानंतर गावात मेलेल्याचा फोटो कुणी काढला नाही. आजही बाजाराच्या दिवशी त्या ओट्यासमोर माणूस थांबतो, टोपी-पदर सारखा करतो आणि समोर बघतो. ओटा रिकामाच असतो. पण उभं राहताना प्रत्येक जण डाव्या अंगाला एका माणसाची जागा सोडतो. तुम्हीही सोडा. आणि टक ऐकू आलं तर हलू नका. शेजारचं माणूस हलत नसतं.