रिकामी मांडी

एका राज्यात, जिथं जायची वाट आता बुजली आहे, वीरभान नावाचा राजा होता आणि केतकी नावाची त्याची राणी. राज्य सुखाचं होतं. पण राजाच्या घराला शाप होता.

त्याचं झालं असं. राजाच्या आजोबांपुढं एका मांत्रिकानं रत्नांची पेटी ठेवली. म्हणाला, "न पाहता मूठभर घे." आजोबांनी काय केलं, पेटी पालथी केली आणि डावं-उजवं करत चांगली चांगली तेवढी वेचली. मांत्रिक म्हणाला, "ठीक. आजपासून तुझ्या घरात डावं-उजवं करून जे निवडाल, त्याचा दगड होईल." हातातल्या रत्नांचे तिथंच खडे झाले.

तेव्हापासून राजवाड्यात कुणी काही निवडत नसे. ताटात पडेल ते जेवायचं, दासी देईल ते नेसायचं. राणीसुद्धा थोरांनी ठरवून दिलेली, म्हणून वाचली. लहानपणी राजानं सात पोपटांतला एक निवडला होता. तो अजून खिडकीत दगड होऊन बसला होता, चोच उघडी ठेवून.

राजाराणीला मूल नव्हतं.

"दत्तक घेऊ या," एके दिवशी राणी म्हणाली.

"घेऊ. पण बोट दाखवलं आणि लेकराचा दगड झाला, तर?"

"मग तसेच राहू."

"तसेच राहू."

गच्चीवर एक साळुंकी बसली होती. तिला बोलता येत असे. ती म्हणाली, "तसेच राहायचं, तर राणीसाहेब रोज अंगडी कुणासाठी शिवतात? पेटारा भरला की. तीन ठिकाणी मुलं आहेत. भाऊबंदांकडं, मांत्रिकाच्या नातवाकडं आणि नदीकाठच्या बुरुडणीकडं. जाऊन तरी या."

दोघं निघाली.

भाऊबंदांनी पाच मुलगे ओळीत उभे केले होते. न्हाऊमाखू घातलेले, गंध लावलेले. "आपलंच रक्त आहे, महाराज. निवडा." तिसऱ्याचे कान राजासारखे होते. राजाचा हात आपोआप वर गेला. राणीनं तो मनगटाशी धरला आणि खाली आणला. पाचही मुलं जिवंत राहिली. दोघं पुढं निघाली.

मांत्रिकाचा नातू आरशात मुलं घडवत असे. "नाक कुणाचं देऊ? रंग कोणता? रडणारं हवं की न रडणारं?" राणी बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "खळी मात्र ही, डाव्या गालावरची." आरशातून एक इवलासा दगड टक्कन खाली पडला. राणीनं तो उचलून पदराला बांधला.

वाटेत राजा म्हणाला, "परत फिरू या."

"बुरुडीण राहिली."

"तिथंही निवडायलाच सांगतील."

"सांगू देत. पाहून येऊ."

धुरपदाआजी बुरुडीण बांबूच्या पाट्या विणत असे. तिच्याकडं अकरा पोरकी पोरं होती. कुणी भांडत होतं, कुणी चिखल कालवत होतं. राजानं शापाची गोष्ट सांगितली. आजीनं हातातली कामटी खाली ठेवली नाही.

"मग निवडू नका. बसा."

"कुठं?"

"भुईवर. मांडी घालून."

राजाचा जन्म सिंहासनावर पाय सोडून बसण्यात गेलेला. त्याचे गुडघे वाजले. आजी म्हणाली, "अहो महाराज, मांडी घातलीत की सुपात पाय अडकलेत?" पोरं हसली आणि पुन्हा चिखलाकडं वळली.

दोघं बसून राहिली. सकाळची दुपार झाली. राजाच्या पायाला मुंग्या आल्या. कुणाला हाक मारावी असं फार वाटलं, पण त्यानं हाताची घडी घातली.

उन्हं कलली तशी एक चार वर्षांची मुलगी आली. भिंगरी तिचं नाव. नाक वाहत होतं, चेहरा रागीट. तिनं दोघांभोवती एक फेरी मारली. आधी राणीच्या मांडीवर बसली. म्हणाली, "इथं हाडं लागतात." उठून राजासमोर उभी राहिली.

"ही मांडी कुणाची?"

"कुणाची नाही. रिकामी आहे," राजा म्हणाला.

"मग मी बसते. पाय मात्र हिच्याकडं."

ती राजाच्या मांडीवर बसली आणि पाय राणीच्या मांडीवर सोडले. राणीनं श्वास रोखला. पाय गरम होते. गरमच राहिले.

न निवडता आलेलं घेतलं, तसा शाप सुटला. त्याच घटकेला राजवाड्यातला दगडी पोपट ओरडला आणि खिडकीतून उडाला. आजोबांच्या खड्यांची पुन्हा रत्नं झाली. पुढं ती राजानं न पाहता पेटीत ओतून मांत्रिकाच्या नातवाकडं पोचती केली. राणीनं पदराची गाठ सोडली, तर आत काही नव्हतं.

घरी जाताना भिंगरी म्हणाली, "मला पेरू."

झाडाला पुष्कळ पेरू होते. राजानं हा पाहिला, तो पाहिला, एक चाचपून सोडला आणि शेवटी एक तोडला. पेरू पेरूच राहिला.

भिंगरीनं चावा घेतला. तोंड वाकडं केलं. "कच्चा आहे!"

"हो," राजा म्हणाला, "मी निवडला."

त्या राज्यात अजूनही कुणी म्हणत नाही, की अमक्यानं मूल दत्तक घेतलं. म्हणतात, अमक्याची मांडी भरली. जशी त्यांची भरली, तशी ज्याची रिकामी आहे त्याची भरो.