सागाचं कोरं पान

नदीला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. काठच्या जंगलात तरुण पाखरांना काम मिळावं म्हणून सिंहाने तीन कचेऱ्या उघडल्या होत्या. मुंगीबाई नावं लिहून घ्यायची, सुतारपक्षी काम शिकवायचा आणि मुंगूस कुठे काम निघालंय ते शोधून यायचा. तिघांची झाडं वेगळी होती आणि एकाचं दुसऱ्याला काही कळत नसे.

मुंगीबाईला आपल्या यादीचा भारी अभिमान होता. "सागाची चाळीस पानं भरली," ती येईल त्याला सांगायची.

यादी वाढत गेली, काम मात्र कुणालाच मिळेना. रांगेतली साळुंकी एक दिवस वैतागली. "बाई, आमच्या नावांचं पुढे काय होतं?"

"मी एकटी काय काय करू? ही पानं सुतारदादांकडे पोचवायला कुणी नाही. त्यांच्या हाताखाली शिकवायला कुणी नाही, मुंगसाकडे निरोप न्यायला कुणी नाही. सगळ्या जागा रिकाम्या आहेत."

साळुंकीने मागे पाहिलं. रांग थेट नदीपर्यंत गेली होती.

"जागा तुमच्याकडे रिकाम्या," ती म्हणाली, "आणि आम्ही तुमच्याच दारात रिकामे."

मुंगीबाईने यादी पुढे ओढली. मग तिने पहिलं नाव पुकारलं ते साळुंकीचंच. त्या दुपारपासून साळुंकी तिन्ही झाडांचे निरोप नेऊ लागली. रांगेतल्या सुगरणी सुतारपक्ष्याकडे शिकवायला बसल्या, आणि मुंगूस जे काम शोधून आणेल तेच शिकवू लागल्या.

वर्षाने सिंह पाहणीला आला, तेव्हा दारात रांग उरली नव्हती. "मुंगीबाई, तुमची ती मोठी यादी दाखवा."

मुंगीबाईने सागाचं एकच पान पुढे सरकवलं. त्यावर एकही नाव नव्हतं, आणि इतक्या ताठ मानेने ती यापूर्वी कधी उभी राहिली नव्हती.