साळिंदराचा शेवटचा काटा

मुलांनो, सागाच्या एका दाट जंगलात एक साळिंदर राहत असे. त्याच्या पाठीवर काट्यांचे रान माजले होते आणि डोक्यात लेखक होण्याचे वेड शिरले होते. त्या जंगलाची रीत अशी, की दसऱ्याला सगळे प्राणी मोहाच्या झाडाखाली जमत. त्या दिवशी कोणी कोणाला खात नसे आणि एकजण स्वतः लिहिलेली नवी गोष्ट वाचून दाखवी. गेली तीन वर्षे हा मान कोल्ह्याकडे होता आणि तिन्ही वर्षी त्याच्या गोष्टीत कोल्हाच जिंकला होता. जंगल अगदी विटून गेले होते. म्हणून आषाढात माकडाने विडा पुढे केला, तेव्हा साळिंदराने तो चटकन उचलला. वेळेवर गोष्ट आली नाही तर पुन्हा कोल्हा आहेच, असे माकडाने त्याला बजावले. कोल्ह्याने नुसता घसा साफ केला.

सागाचे कोवळे पान खरवडले की लाल रेघ उमटते, त्यामुळे शाईची ददात नव्हती. साळिंदराने पाठीवरचा एक काटा उपटला आणि पानावर लिहिले, ‘नदीकाठी एक भुकेला बगळा राहत असे.’ मग ते त्या वाक्याकडे बराच वेळ बघत बसले. वाक्य त्याला फारच मिळमिळीत वाटले. आता नाचता येईना अंगण वाकडे, तसे त्याने खापर फोडले ते काट्यावर. ज्या काट्याने एकदा वाईट वाक्य लिहिले तो अपशकुनी, असे ठरवून त्याने पानासकट काटा झुडपात भिरकावला आणि नवा उपटला. दुसऱ्या दिवशी बगळ्याचा खंड्या झाला, तो काटा गेला. तिसऱ्या दिवशी नदीचे तळे झाले, आणखी एक गेला. पुढे पुढे तर दिवसाला मूठमूठ काटे जाऊ लागले. मध्येच त्याला वाटे की बसायची जागाच चुकली. मग दोन दिवस बीळ झाडण्यात आणि कोवळी पाने आणून आत रचण्यात जात. कोणी विचारलेच, तर गोष्ट जवळजवळ झालीच आहे, असे ते सांगे. श्रावण गेला, भाद्रपद गेला. पाठ उघडी पडत चालली, पण गोष्ट काही पहिल्या वाक्यापुढे सरकेना.

एके सकाळी ते डोक्याला हात लावून बसले असताना समोरच्या चढावर एक शेणकिडा आपला गोळा ढकलत निघाला होता. गोळा घरंगळून खाली आला. शेणकिडा खाली गेला आणि तोच गोळा पुन्हा ढकलू लागला. असे सात वेळा झाले. शेवटी साळिंदराला राहवेना. हे शेणच चांगले दिसत नाही, दुसरे का घेत नाहीस, असे त्याने सुचवले.

शेणकिडा गोळ्याला पाय लावून थांबला. “साळिंदरभाऊ, शेण चांगलं की वाईट, ते मी गोळा घरी पोचल्यावर बघतो. वाटेत वास घेत बसलो, तर घरच्यांनी खायचं काय?”

एका शेणकिड्याने आपल्याला लिहिण्यातले शिकवावे, याचा साळिंदराला भयंकर राग आला. त्या रागात त्याने आणखी दोन काटे वाया घालवले.

दसरा तीन दिवसांवर आला तेव्हा त्याच्या पाठीवर एकच काटा उरला होता. आणि नेमका तेव्हाच बिबट्या समोर आला. साळिंदराने सवयीप्रमाणे पाठ फिरवली आणि काटे खुळखुळवायला अंग झाडले. तो एकुलता एक काटा इकडून तिकडे डुलला. असे साळिंदर बिबट्याने जन्मात पाहिले नव्हते. तो बघतच राहिला आणि तेवढ्यात साळिंदराने बीळ गाठले. पण बिबट्याही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो बिळाच्या तोंडाशीच ठाण मांडून बसला.

आत मिट्ट काळोख होता. बाहेर जाऊन कोणाचा सल्ला घ्यायची सोय नव्हती. बीळ झाडून झालेले होते. काटा टाकावा तर दुसरा नव्हता. साळिंदराला रडूच आले. मग रडता रडताच त्याने शेवटचा काटा उपटला, पान चाचपडून घेतले आणि हाताला येईल ते एक वाक्य लिहिले. ते चांगले झाले की वाईट, हे काळोखात दिसेना. दिसत नव्हते म्हणून खोडताही येईना. त्याला शेणकिड्याचे बोलणे आठवले आणि त्याने निमूटपणे दुसरे वाक्य लिहिले, मग तिसरे. काटा झिजून बोटभर उरला, पण गोष्ट शेवटाला गेली.

दसऱ्याच्या सकाळी बिबट्या रीतीप्रमाणे उठून सभेला गेला. त्याच्या मागोमाग साळिंदर पाने घेऊन बाहेर पडले आणि उजेडात पहिले वाक्य वाचून जागीच थबकले. तिथे लिहिले होते, ‘नदीकाठी एक भुकेला बगळा राहत असे.’ म्हणजे आषाढात काट्यासकट झुडपात फेकलेले तेच ते मिळमिळीत वाक्य. आता बदलायला वेळही नव्हता आणि काटाही नव्हता. उघड्या पाठीने ते सभेत उभे राहिले, तेव्हा खारी खुदखुदल्या. पण बगळ्याने पहिला मासा गिळायला चोच उघडली आणि सगळे गप्प झाले. मधे दोन ठिकाणी गोष्ट जरा रेंगाळली, एके ठिकाणी बगळ्याचा चुकून मोर झाला, तरी कोणी जागचे हलले नाही. साळिंदर श्वास घ्यायला थांबले, तर बिबट्याच म्हणाला, “थांबू नका हो, पुढे बगळ्याचं काय झालं?”

वाचून संपले तेव्हा माकडाने पुढच्या वर्षाचा विडाही साळिंदरापुढेच धरला. साळिंदर पाठ चाचपत कुरकुरले, की काटे तोवर उगवतील, पण लिहिणे काही सोपे नसते.

“त्याची काळजी सोडा,” बिबट्या म्हणाला. “बिळाच्या तोंडाशी मी बसतो.”

तात्पर्य : गोळा आधी घरी न्यावा, वास नंतर घ्यावा; अर्ध्यावर टाकलेल्या शंभर सुरुवातींपेक्षा शेवटाला गेलेली एक साधी गोष्ट बरी.